बेतेंकूर मस्कतला थांबला

सायमन,

तुला इथंच पुरलं. वसईला पाठवलं नाही. पास्कूभाऊजी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते, पेटी पाठव, बाकीचं आम्ही बघतो, घरच्या कबरीत आईबाबांपाशी जागा आहे. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "रेजिना, तू आत्ता दुःखात आहेस, जरा विचार कर." मी म्हटलं, "भाऊजी, दुःखात आहे, पण डोकं ठिकाणावर आहे." मग ते स्वतःच आले, ग्लेनला बरोबर घेऊन. तुझा थोरला भाऊ आणि तुझा पुतण्या, दोघंही तुला न्यायला आले आणि तुला इथं ठेवून परत गेले. काल त्यांना विमानतळावर सोडलं, घरी येऊन साचलेली भांडी घासली, आणि आज हे लिहायला बसले.

कोणी वाचलं तर म्हणेल, बाई मेलेल्या नवऱ्याशी भांडतेय. म्हणू दे. जिवंतपणी तू प्रत्येक वाद अर्ध्यावर टाकून पळायचास, "शिफ्ट आहे, रेजी" म्हणून. हॉटेलातल्या ओव्हनमध्ये कोणाचे तरी पाव फुगत असायचे आणि इथं माझं तोंड उघडंच राहायचं. आता कुठं पळशील? बस आणि ऐक.

आपल्या सगळ्या वादांचं मूळ एकच, तुझं आडनाव.

पहिल्या भेटीतच त्यानं डोकं वर काढलं होतं. हॉटेलात खाणं बनवणाऱ्यांना रक्त तपासून कार्ड घ्यावं लागतं, म्हणून तू आमच्या मस्कतमधल्या रुवीच्या लॅबमध्ये रांगेत उभा होतास. मी मान खाली घालूनच विचारलं, "नेम?" तू म्हणालास, "सायमन बेतेंकूर." तेव्हा मात्र मी वर बघितलं. आमच्याकडं लोपीस, परेरा, डिसोजा पायलीचे पन्नास, पण हे आडनाव वसईतल्या एकाच वाडीत होतं आणि ते मी नुसतं ऐकलं होतं. "वसईचे का?" मी विचारलं. "वसईचाच. पण नाव फ्रान्सचं." दंडाला पट्टा बांधलेला, सुई आत गेलेली, आणि तू मला फ्रान्सचा भूगोल सांगायला लागलास. मागून एक बांगलादेशी घाई करत ओरडला, "यल्ला भाई, यल्ला!" मी तुझ्या नळीवर तुझं नाव चिकटवलं आणि मनात म्हटलं, हा माणूस एक तर वेडा आहे नाही तर थापाड्या. तू थापाड्या नव्हतास, एवढं नंतर कळलं.

तेव्हा माझा पहिला नवरा डॉमनिक जाऊन थोडाच काळ झाला होता. तो दुक्मच्या बंदराच्या कामावर गेला तो परत आलाच नाही, आणि आमची जोआना जेमतेम बोलायला लागली होती. मी कोणाशी हसून बोलत नव्हते. तू रिपोर्ट न्यायला आलास आणि काउंटरवर केकचा डबा ठेवून गेलास. रिपोर्ट नॉर्मल आल्याबद्दल म्हणे! असा माणूस मी जन्मात बघितला नव्हता.

तुझी ती आडनावाची गोष्ट मला तोंडपाठ झाली, कारण तू ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचास. उत्तर फ्रान्समध्ये म्हणे फार पूर्वी बेटो नावाचा कोणी एक माणूस होता. त्याची वाडी, म्हणून गावाचं नाव बेटोची वाडी, आणि गावाचं नाव तेच तिथल्या सरदारांचं आडनाव. हे तुला तुझ्या हॉटेलातल्या फ्रेंच शेफनं सांगितलं, तुझ्या छातीवरची पाटी वाचून. त्याला वाटलं होतं कोणी आपल्याकडचा माणूस आलाय, आणि समोर बघतो तर काळासावळा, मिशीवाला, केळीच्या वाडीतून आलेला सायमन. मग तू पुस्तकं धुंडाळलीस. त्या घराण्यातला एक नॉर्मन सरदार गलबतं घेऊन आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवर उतरला, काही वर्षं तिथं राजासारखा मिरवला आणि शेवटी सगळं पुतण्याच्या गळ्यात घालून घरी परतला. पुतण्याला तिथं निभेना. त्यानं आपला हक्क विकला आणि तो पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावर जाऊन राहिला. तिथं हे फ्रेंच नाव पोर्तुगीज झालं. मदेराहून आणखी बेटांवर, तिथून लिस्बनला, आणि ज्या वाटेनं आपल्याकडची मिरी तिकडं जायची त्याच वाटेनं उलटा येऊन कोणी एक बेतेंकूर वसईत उतरला. हा शेवटचा टप्पा तुझा तूच जोडलेला. पुरावा शून्य.

"आणि पुढचं मी सांगते," मी म्हणायची. "तुझ्या खापरपणजोबाच्या खापरपणजोबाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, त्या दिवशी तो गृहस्थ शेजारी धर्मपिता म्हणून उभा होता. पाद्र्यानं विचारलं, याचं आडनाव काय लिहू? तो म्हणाला, लिहा माझंच. झालं तुझं फ्रान्स. तुझ्यात फ्रेंच रक्ताचा थेंब नाही, सायमन. मी तपासलंय."

तू चिडायचास ते रक्तावरून नाही. "शेजारी उभा होता, एवढंच?" तू म्हणायचास. "उभं राहणं तुला एवढंसं वाटतं?"

"त्यांनी मारून मुटकून केलं असेल."

"केलं असेल. नसेलही. तिथं तू नव्हतीस, मी नव्हतो. पण त्यानंतर हे नाव घेऊन नांगर आम्ही धरला, केळी आम्ही लावली, पानवेली आम्ही चढवल्या, मेलो ते याच नावानं मेलो. आता ते उसनं कसं?"

"उसनं ते उसनंच."

आणि मग तुझी शिफ्ट.

मी तुझं आडनाव लावलं नाही. लग्नानंतर वसईत कुजबुज झाली, बाई अजून पहिल्या नवऱ्याचं नाव मिरवते. होय, मिरवते. डॉमनिकचं लोपीस हे नाव लावून मी इथं एकटी राहिले, त्याच नावावर नोकरी मिळवली, त्याच नावावर मूल वाढवलं. ते मी कोणाच्या सांगण्यावरून टाकणार नव्हते, आणि तू कधी टाक म्हणालाही नाहीस. दर वेळी व्हिसा संपत आला की फक्त डोळे बारीक करून विचारायचास, "या खेपेला बेतेंकूर?" मी म्हणायची, "आधी पुरावा आण." तू गेलास त्या सकाळीही हेच झालं. तू चप्पल पायात सरकवत होतास, मी डबा भरत होते. तू विचारलंस, मी म्हटलं, पुरावा आण, आणि तू हसत खाली उतरलास. दुपारी हॉटेलातून फोन आला की तू ओव्हनसमोरच कोसळलास. बायका मला विचारतात, शेवटचं काय बोललात? मी सांगते, भांडलो. त्या हळहळतात. कशाला हळहळायचं? आपली आय लव्ह यू म्हणायची तीच तऱ्हा होती.

शुक्रवारी तू आम्हाला मत्र्याच्या किनाऱ्यावर न्यायचास, तिथून पुढं जुन्या मस्कतच्या बंदरापर्यंत. बंदराच्या दोन अंगांना दोन किल्ले, दोन्हींवर पोर्तुगीजांचा हात फिरलेला. तू जोआनाला खांद्यावर घेऊन सांगायचास, "बघ, आपल्या वसईच्या किल्ल्याचे भाऊ. आपल्या आडनावाचा एखादा शिपाई या भिंतीवर पहाऱ्याला असणार, उन्हानं वैतागलेला, घामानं निथळलेला, घरचा पाव आठवत." मी विचारायची, "नाव काय रे त्याचं?" तू म्हणायचास, "बेतेंकूर!" जोआना टाळ्या वाजवायची आणि मी कपाळाला हात लावायची. एकदा तू तिथंच म्हणालास, हे नाव कधी एका जागी राहिलेलं नाही, जिथं गेलं तिथं कोणाकोणाला पुरलंय, मला पण वाटेत कुठं तरी पुरा, मागं नेऊ नका. हसत म्हणालास. मी ते हसण्यावारी नेलं नाही. भाऊजींना मी हेच सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, त्याला मी काय करू?

त्या म्हाताऱ्या फ्रेंच पाहुण्याची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. तुझ्याच आडनावाचा, फक्त फ्रेंच थाटाचा माणूस बायकोला घेऊन हॉटेलात उतरला होता. तू सगळी दुपार राबून त्यांच्यासाठी बदामाचा छोटा केक केलास आणि वर चॉकलेटनं ते नाव लिहिलंस. त्यानं तुला बोलावून घेतलं. तुझ्या छातीवरची पाटी वाचली आणि विचारलं, हे नाव तुझ्याकडं कसं आलं? आपलं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर दिसल्यावर विचारतात, तसं. तू बिचारा सगळं सांगत बसलास, वाडी, बेटं, पुतण्या, मदेरा, वसई. तो ऐकून म्हणाला, म्हणजे तू काही खरा त्या घराण्यातला नाहीस.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, सर, यू हॅड इट. वुई कॅरीड इट."

"आणि?"

"आणि काय? तो केक खायला लागला."

"उचलून परत आणायचास केक!"

"अगं, चांगला झाला होता. खाऊ दे की."

तू माफ केलंस. मी केलेलं नाही. तो माणूस समोर आला असता तर मी त्याला विचारलं असतं, बाबा रे, तुझ्या घराण्यानं हे नाव सांभाळायला काय केलं? जन्मलात आणि मिळालं. आमच्यातल्या एका माणसानं ते मागून घेतलं, किंवा ते त्याच्या माथी मारलं गेलं, आणि तरी त्यानं ते टाकलं नाही. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले नि गेले. टाकायच्या संधी काय कमी होत्या? कधी हे नाव लावण्यात अडचण होती, कधी नुसती चेष्टा होती. तरी ते राहिलं. बघ, तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडते. फक्त तुझ्यासमोर कधी मांडली नाही, नाही तर तू डोक्यावर चढून बसला असतास.

आता जोआनाचं ऐक.

तिच्या पहिल्या कम्युनियनच्या आधीची गोष्ट तुला आठवत असेलच. रुवीच्या चर्चमध्ये तालीम होती. मुलांच्या मागं आईबापांनी उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा होता. टीचरनं यादीतून नाव पुकारलं, "जोआना लोपीस," आणि मागं तू उभा, छातीवर हॉटेलची पाटी, कारण थेट शिफ्टवरून आला होतास. एका पोरानं विचारलं, हा तुझा डॅडी नाही का? नाव वेगळं आहे. घरी आल्यावर ती जेवेना. तू तिला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलंस आणि तीच बेटांची गोष्ट पुन्हा सांगितलीस, पण त्या दिवशी वेगळी सांगितलीस. म्हणालास, त्या सरदाराला लग्नाचं मूलच नव्हतं. त्याचं नाव आज जगभर आहे, ते त्याच्या मुलांनी नेलं नाही. पुतण्यानं नेलं, आणि त्याहून जास्त त्या बेटांवरच्या मूळ लोकांनी नेलं, ज्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी ते मिळालं. हे नाव पोटातून कमी आलंय आणि पाण्यातून जास्त. ज्याच्या शेजारी कोणी उभं राहिलं, त्याचं ते झालं.

तिनं विचारलं, "मला मिळेल?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी भांडं विसळत होते, विसळतच राहिले. तू तिला म्हणालास, "मिळेल. पण मधलं नाव डॉमनिकच राहील. तो तुझा पहिला पपा आहे, त्याला मधून काढायचं नाही." आपल्याकडं मुलाच्या नावापुढं बापाचं नाव लागतं. तू तुझं नाव तिथं घालू शकला असतास, कोणी नाही म्हटलं नसतं. तू घातलं नाहीस. म्हणून ती जोआना डॉमनिक बेतेंकूर झाली, मधे एक बाप आणि शेवटी दुसरा. त्या दिवशी मी काही बोलले नाही. आज बोलते. असं मोठं मन मी दुसऱ्या कोणा पुरुषात बघितलं नाही. डॉमनिकमध्येसुद्धा नाही, आणि डॉमनिक चांगला माणूस होता.

आणि नेमक्या त्याच मधल्या नावावर भाऊजींनी बोट ठेवलं.

आले त्या संध्याकाळी ते आपल्या सोफ्यावर बसले, चहा घेतला, थोडं रडले. तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, विहिरीत पडला होतास ती पण. त्यांचंही काळीज तुटत होतं, ते मला दिसत होतं. मग म्हणाले, "बरं, इथं तर इथं. पण रीत तरी आपली ठेव. आपल्यात अंत्ययात्रेच्या पुढं क्रूस धरतो तो घराण्यातला. ग्लेन धरेल."

मी म्हटलं, "जोआना धरणार आहे."

"पोरगी गोड आहे, मी नाही कुठं म्हणतोय? पण रेजिना, तिच्या नावातच डॉमनिक आहे ना. शेवटी रक्त ते रक्त."

रक्त! सायमन, मला रक्त सांगत होते. मी म्हटलं, "भाऊजी, मी इतकी वर्षं रोज लोकांचं रक्त काढते. ओमानी, मल्याळी, पाकिस्तानी, बंगाली, तुमचं-आमचं, सगळं एका रंगाचं नळीत उतरतं. त्यावर आडनाव नसतं. मी चिकटवते तेव्हा लागतं. आणि चुकून नाही लागलं, तर सरदाराचं रक्त असलं तरी ते सिंकमध्ये जातं."

मग त्यांना मी तुझी सगळी गोष्ट सांगितली, जशी तू सांगायचास तशी, अगदी हातवाऱ्यांसकट. सरदाराला मूल नव्हतं इथपर्यंत मी आले, नाव पुतण्यानं नेलं म्हणाले, आणि भाऊजी एकदम ताठ बसले. "बघ! तूच म्हणतेस! पुतण्यानं नेलं! मग हा ग्लेन कोण आहे?"

तू असतास तर हसून लोळला असतास. माझ्याच काठीनं मला हाणलं. ग्लेन बिचारा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता, त्याला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, "पुतण्यानं बेटं विकली, भाऊजी. नाव टिकवलं ते बाप्तिस्मा घेतलेल्यांनी. तुम्ही त्यांच्यातले, मी नाही म्हणत, सायमन म्हणायचा. तुमच्या मूळ माणसाला जसं नाव मिळालं तसंच जोआनाला मिळालं. तिचं खोटं असेल, तर तुमचंही खोटं. मग इथं खरा बेतेंकूर एकही नाही, आणि क्रूस धरायला त्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या फ्रेंचाला बोलवावं लागेल."

त्यांनी वाद सोडला. पटलं म्हणून नाही, दमले म्हणून. जाता जाता एवढंच म्हणाले, "उद्या बघू." आपल्याकडं उद्या बघू म्हणजे मी ठरवलंय ते होणार, हे मला कळतं.

जोआना सगळं आतल्या खोलीतून ऐकत होती. मला वाटलं ती रडत असेल. जाऊन बघते तर तुझी पांढरी हॉटेलची टोपी इस्त्री करत होती, पेटीत ठेवायला.

चर्चमधली मिस्सा चांगली झाली. आपल्या लोकांनी गायलं, तुझे किचनमधले मल्याळी आणि फिलिपिनो मागच्या बाकांवर गच्च बसले होते. दफनभूमी तू बघितली नव्हतीस. ओसाड, दगडी, चारी बाजूंना उघडे डोंगर, सावली म्हणून नाही. खड्डा यंत्रानं खणलेला होता आणि काठावर माती कमी, गोटेच जास्त. वसईची मऊ काळी माती मला त्या क्षणी आठवली, खोटं कशाला बोलू? पण मागं फिरायचं मनात आलं नाही.

गाडीतून पेटी उतरली. पुढं धरायचा लाकडी क्रूस, त्यावर तुझं नाव, भाऊजींनी सरळ ग्लेनच्या हातात दिला. लोक बघत होते. फादर थांबले. मी पुढं पाऊल टाकणार, एवढ्यात जोआना माझ्या शेजारून निघाली. तुला माहीत आहे तिचं मराठी कसं आहे, घरात आपण बोलतो म्हणून कळतं, बोलायची वेळ आली की इंग्लिशच्या आडोशाला जाते. ती भाऊजींसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पास्कू अंकल, पपा माझ्यासाठी उभा राहिला होता. चर्चमध्ये. सगळ्यांच्या समोर. आज मी त्याच्यासाठी उभी राहणार. तुम्ही नको म्हणाले तरी. सॉरी."

मग ती ग्लेनकडं वळली आणि नुसता हात पुढं केला. त्या पोरानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. क्रूस तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे, दीदी." भाऊजींनी तिला अडवलं नाही. चालू लागलो आणि गोट्यांवरून तिचा पाय मुरगळला, तेव्हा तिचा कोपर त्यांनीच धरला, आणि कबरीपर्यंत सोडला नाही. पटलं का, विचारू नकोस. काल विमानतळावर मला म्हणाले, "तुझी जीभ फार लांब आहे." जोआनाच्या हातात मात्र सुक्या बोंबलांचा पुडा ठेवला, जो ग्लेनच्या आईनं दिला होता आणि ते आल्यापासून बॅगेतच ठेवून होते.

काल त्यांना पोचवून परतताना मी वाटेत वादी कबीरला थांबले. तिथं एक राजस्थानी दगडवाला आहे, फरशा कापतो, कबरीचे दगडही करतो. जोआना गाडीत बसून राहिली, तिला ते बघवेना. मी त्याला सांगितलं, सगळ्यात वर आडनाव, मोठ्या अक्षरांत. खाली सायमन. त्याखाली वसई आणि मस्कत. त्यानं कागदावर आखून दाखवलं आणि विचारलं, "मॅडम, नीचे इतनी जगह खाली क्यूं छोड़ी? फूल डाल दूं? डिझाइन?"

मी म्हटलं, "फूल नको. खाली रखो."

"किसके लिये?"

"मेरे लिये."

त्यानं पेन्सिल कानामागं खोचली. "यहां का क्या भरोसा, मॅडम. वीजा खतम, तो सब खलास. आप इंडिया चली जाओगी."

"जाऊंगी तो जाऊंगी. तुम जगह रखो. कोई मुझे वापस नहीं लाया, तो खाली रहेगी. दगड खायला मागतो क्या?"

तो हसला. "ठीक है. फिर आपका पूरा नाम अभी दे दो. माप लेना पड़ेगा. सरनेम लंबा है?"

सायमन, तू किती वर्षं विचारत होतास आणि मी किती वर्षं पुरावा मागत होते. पुस्तकात तो नव्हता, फ्रान्समध्ये नव्हता, त्या म्हाताऱ्याकडं तर नव्हताच. तो मला त्या गोट्यांच्या माळावर दिसला, माझ्या पोरीच्या हातात, पुढं चालताना.

मी त्याला म्हटलं, "मेरा सिर्फ रेजिना लिखना. सरनेम ऊपर लिखा है ना, एक बार? वही दोनों को पुरेगा."

फुगू नकोस. व्हिसावर मी अजून लोपीसच आहे.